जात्याची घरघर

निंबोल्याच्या आमच्या घरात १९८६ सालीही जातं होतं, आणि ते शोभेला ठेवलेलं नव्हतं. बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, रोजचं दळण तिकडेच जायचं. पण आमच्याकडे शोधाचा चौका लागायचा. महाराज किंवा माताजी विहार करत या बाजूला आले, की आहाराला पीठ घरचं, हाताने दळलेलं लागे. आजीच्या व्रताच्या जेवणालाही तेच. पिठाची मर्यादा ती आम्हा मुलींना बोटांवर मोजून शिकवायची. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. मर्यादा संपली की ते पीठ चौक्यात चालायचं नाही. पुन्हा धान्य निवडायचं, पुन्हा दळायचं.

इतर घरांत जातं भल्या पहाटे अंधारात फिरायचं. आमच्याकडे नाही. उजाडलं पाहिजे, दाणा न् दाणा दिसला पाहिजे, कुंचीने जातं झाडलं पाहिजे, मग णमोकार म्हणून खुंट्याला हात. आणि हात लागला की ओवी सुरू. आजीचं माहेर रावेरकडचं, त्यामुळे ओव्यांची भाषा तापीकाठची. पहिली ओवी पार्श्वनाथाला, दुसरी आईबापाला, मग पाठचा भाऊ, माहेरची वाट, लेकीची पाठवणी. कुठे लिहिलेलं काही नाही.

त्या वर्षी दिवाळीला काकांनी टू-इन-वन आणला. रेडिओ आणि टेप एकत्र. मी तेव्हा पंधरा वर्षांची. सगळ्यांनी आपापले आवाज भरून ऐकले, हसलो. मग मी म्हटलं, आजी, तुझ्या ओव्या भरू या.

"मी काय लताबाई आहे का गं?" आजी म्हणाली. पण तयार झाली. मी तिला पाटावर बसवलं, टेप समोर ठेवला, लाल बटण दाबलं, आणि आजीला एक शब्द आठवेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबली. शेवटी वैतागून म्हणाली, "नुसतं बसून ओवी येत नाही बाई. खुंटा हातात असला की शब्द आपोआप येतात." म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर टेप जात्याजवळ नेला. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या. जात्याची घरघर, बांगड्या, मध्येच रस्त्यावरून गेलेला ट्रक, आणि एका ठिकाणी आजीचं बोलणं, "थांब, दाणे संपले."

त्या कॅसेटचं पुढे काय झालं, ते सांगायचं आहे. पण त्याआधी हे यंत्र आमच्या ओसरीपर्यंत आलं कसं, ते सांगते. कारण त्याला बराच वेळ लागला होता.

आपल्या देशात गाणं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तबकडीवर उतरलं ते १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. कर्ण्यात तोंड घालून गायचं, सुई मेणावर खाच पाडायची. पुढे अनेक दशकं ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळत. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागे. जात्यावरच्या ओवीला तर शेवटच नसतो, दळण संपलं की ती संपते. आणि ती गाणाऱ्या बाईला कंपनीच्या खोलीत कोण नेणार होतं?

टेपची कल्पना जर्मनीतली. फ्रिट्झ फ्लॉइमर नावाच्या माणसाला सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी चिकटवण्याचं तंत्र माहीत होतं. त्याच तंत्राने त्याने कागदाच्या फितीवर लोखंडाची भुकटी बसवली आणि १९२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे कागदाऐवजी प्लॅस्टिक आलं, आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन नावाचं यंत्र मांडलं. तत्त्व सोपं आहे. आवाजाची वीज होते, विजेचं चुंबकत्व होतं, आणि फितीवरची लोहभुकटी ते चुंबकत्व धरून ठेवते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे यंत्र अमेरिकेत गेलं आणि तिथून जगभरच्या स्टुडिओंत आणि रेडिओ केंद्रांत पसरलं.

आपल्याकडे रेडिओने काय केलं, याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, वर्षभरात ५६ गीतं. लोक अंघोळ करून, रेडिओला हार घालून बसायचे असं आपण ऐकतो. पण त्या वेळी जो घरी असेल त्यानेच ऐकायचं. परत हवं असेल तर केंद्राने परत लावेपर्यंत वाट बघायची. फीत केंद्राच्या कपाटात, किल्ली केंद्राकडे.

ती किल्ली सामान्य माणसाच्या हातात आली कॅसेटमुळे. १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. स्टुडिओची फीत पाव इंच रुंद आणि सेकंदाला पंधरा इंच पळणारी. कॅसेटची फीत चार मिलिमीटरांपेक्षाही अरुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकणारी. इतक्या चिंचोळ्या जागेत आवाज मावायचा म्हणजे सोबत 'सूंऽऽ' अशी खरखर यायचीच. ती कमी करण्याचा उपाय रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने काढला. गंमत म्हणजे कंपनी काढण्याआधी, १९६३ ते १९६५ या काळात, हा माणूस युनेस्कोचा तंत्रसल्लागार म्हणून आपल्याच देशात होता. त्याचा उपाय नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो आवाज भरतानाच हळू आवाज उचलून ठेवायचा आणि ऐकताना तेवढाच खाली आणायचा. त्यामुळे दबायची ती फक्त फितीची स्वतःची खरखर. खोलीतला आवाज जसाच्या तसा राही.

ऐंशीच्या दशकात कॅसेट भारतात खेडोपाडी पोचली. तोवर तबकड्यांचा बाजार मुख्यतः एका मोठ्या कंपनीच्या हातात होता. आता छोट्या गावातला माणूसही भजनाची, तमाशाची, भारूडाची कॅसेट काढू लागला. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्यांनी शास्त्रीय गाणं आणि कथाकथन घराघरांत नेलं. आपल्या समाजात स्तवनं, भक्तामर, पूजा आणि प्रवचनं कॅसेटवर आली. सोनगढच्या कानजी स्वामींची हजारो तासांची प्रवचनं टेपवर उतरली होती, ती आज डिजिटल रूपात ऐकायला मिळतात. सगळ्यांचं तसं झालं नाही. विजेचा वापर म्हणजे अग्निकायाच्या जीवांची हिंसा, म्हणून आपल्यातले कितीतरी साधू-साध्वी माइकसमोरही बोलत नाहीत, टेप तर दूरच. त्यांचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात राहतो, तेवढाच. मी यात चूक-बरोबर ठरवत नाही. एवढंच म्हणते की काय राहिलं आणि काय गेलं, हे दर वेळी यंत्रावर ठरत नाही.

आता आजीच्या कॅसेटकडे येते.

पहिलं नुकसान टेपच्या काळातच झालं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा भरता येत नाही. मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्याच वर्षी भावाने रिकामी समजून दुसऱ्या बाजूवर रेडिओवरची गाणी भरली. पलीकडच्या खंडव्याच्या किशोरकुमारची. त्याला बिचाऱ्याला रागावून काय उपयोग? टेपचा हा स्वभावच आहे. नवं लिहिताना ती जुनं पुसते. जगातल्या मोठमोठ्या प्रसारण संस्थांनीही पैसे आणि जागा वाचवण्यासाठी आपल्या कितीतरी फिती अशाच पुसून पुन्हा वापरल्या. म्हणून टेपच्या काळाबद्दल कोणी फार गहिवरून बोललं की मला आमची दुसरी बाजू आठवते.

आजी १९९१ मध्ये गेली. कॅसेट आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात राहिली.

दरम्यान आवाज आकड्यांत उतरला होता. १९८२ मध्ये सीडी आली. डिजिटल म्हणजे काय, तर आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवायचं. काही लोक म्हणतात, मग दोन मापांच्या मधला आवाज हरवतो. तसं नाही. माणसाच्या कानाला ऐकू येईल तेवढ्या आवाजासाठी ही मोजणी पुरते, आणि मधली लाट बरोबर परत उभी करता येते. टेपचा आवाज 'उबदार' लागतो असंही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आवाज फार मोठा झाला की टेप त्याची टोकं हळूच गोल करते, कानाला ते गोड लागतं. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की टोक कापल्यासारखं तुटतं. पण ही झाली गोडीची गोष्ट. डिजिटलचा मोठा गुण वेगळा. टेपवरून टेप काढली की प्रत्येक नकलेत खरखर वाढते. आकड्यांची नक्कल शंभरावी असली तरी पहिलीसारखीच.

आणि दुसरा गुण, किंवा दोष. आकडे बदलता येतात. टेपच्या सुरुवातीच्या काळात गायक, वादक, कोरस सगळे बहुधा एका वेळी उभे राहायचे. जोडकाम करायचं तर ब्लेडने फीत कापून चिकटवायची. आता एकेक सूर उचलून सरळ करता येतो. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आलं, तेव्हापासून बेसूर गाणंही सुरात बसवता येतं. जे नको ते काढता येतं.

आमच्याकडे तेच झालं. २००९ मध्ये मी कॅसेट शहरातल्या एका दुकानात दिली. मुलगा कामसू होता, प्रेमाने काम केलं त्याने. आठ दिवसांनी सीडी हातात देऊन म्हणाला, "मावशी, फार खरखर होती हो. सगळी क्लीन करून दिली."

घरी लावली. आजीचा आवाज स्वच्छ, इतका स्वच्छ की अंगावर काटा आला. पण काहीतरी चुकत होतं. ती ओळ अर्ध्यावर सोडून थांबत होती, मग पुढचे शब्द एकदम येत होते. दम लागलेल्या म्हाताऱ्या बाईसारखं वाटत होतं. आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अगं, जातं कुठे गेलं?"

जातं नव्हतं. खरखर काढणारा प्रोग्रॅम काय करतो, हे मी नंतर समजून घेतलं. बोलण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत जो एकसारखा आवाज चालू असतो, त्याचा तो नमुना घेतो आणि तसा आवाज सगळीकडून वजा करतो. पंखा, मोटर, टेपची सूंऽऽ. आणि जातं. एकसारखं चालणारं ते सगळं त्याच्या दृष्टीने कचरा. डॉल्बीचा उपाय फितीची खरखर धरत होता. इथे तर आमच्या घरातला आवाजच गेला. आजी दम लागून थांबत नव्हती. ती मूठभर दाणे घालायला थांबत होती. जात्याचा फेरा हाच त्या ओवीचा ताल होता, तो काढल्यावर उरलेल्या गाण्याला अर्थ लागेना. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की खुंट्याशिवाय ओवी नाही. मीच विसरले.

याच सुमारास मला जात्यावरच्या ओव्यांच्या मोठ्या कामाबद्दल कळलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून ओव्या गोळा केल्या, महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखापेक्षा जास्त. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह रचला आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यामुळे आज आपल्याला ऐकू येतो. पॉइतव्हँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पण काम थांबलं नाही. ध्वनिमुद्रणं गुडगावच्या एथ्नोम्युझिकॉलॉजीच्या संग्रहालयात ठेवली गेली, तिथून फ्रान्समधल्या एका भांडारातही गेली, आणि २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर ती सगळ्यांसाठी येऊ लागली. प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी, एका हातातून दुसऱ्या हातात, असं ते काम टिकलं आहे.

ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमही मी वाचला. जपणुकीची प्रत काढताना आवाजात काहीही सुधारायचं नाही. दोष असला तरी जसा आहे तसा उतरवायचा, शक्यतो सेकंदाला ९६,००० मापांनी आणि चोवीस बिटांनी. साफ करायचं असेल तर दुसरी प्रत घेऊन करा, मूळ प्रतीला हात लावू नका. आणि डिजिटल झालं म्हणजे कायमचं झालं, असंही समजू नका. डॅट नावाची छोटी डिजिटल टेप १९८७ मध्ये आली, अभ्यासक आणि स्टुडिओ तिच्यावर विसंबले. २००५ मध्ये सोनीने तिची यंत्रं बनवणं बंद केलं. आज चालतं डॅट यंत्र मिळणं साध्या टेपरेकॉर्डरपेक्षा अवघड. शिवाय जुनी कॅसेट खराब झाली तर आवाज अंधूक होतो, पण काहीतरी ऐकू येतं. आकडे एका मर्यादेपलीकडे बिघडले की काहीच येत नाही.

म्हणजे पिठासारखंच. टेपला मर्यादा आहे, सीडीला आहे, पेन ड्राइव्हला आहे. कोणाचे सात दिवस, कोणाचे तीन.

आपल्या धर्मात ही गोष्ट नवी नाही. आचार्य धरसेनांना गिरनारच्या गुहेत काळजी पडली की कानोकान चालत आलेलं श्रुत आता विसरलं जाईल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून शिकवलं आणि त्यातून षट्खंडागम लिहिला गेला. तो पूर्ण झाला ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आपली श्रुतपंचमी. पण लिहिलं म्हणजे संपलं का? ताडपत्रं किडतात. पुढच्या लोकांनी ती पुन्हा पुन्हा उतरवली. धवला टीकेची जुनी ताडपत्रं मूडबिद्रीत जपली गेली, तिथून मोठ्या खटपटीने नकला बाहेर आल्या, आणि १९३९ पासून अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी ती छापायला सुरुवात केली. स्मरणातून ताडपत्र, ताडपत्रातून कागद, कागदातून छापील पुस्तक. ताडपत्र बरं की कागद बरा, यावर ते अडून बसले असते तर आपल्याकडे आज काय उरलं असतं?

मी आजीच्या कॅसेटची तुलना आगमाशी करत नाही, गैरसमज नको. पण रीत तीच आहे.

सुदैवाने मूळ कॅसेट मी टाकली नव्हती. खरं सांगायचं तर टाकणारच होते, सीडी झाली म्हणून. आईने परत साड्यांत ठेवली. २०१९ मध्ये भाचीने ती बाहेर काढली. फितीला मागून टेकू देणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता, म्हणून आवाज येत नव्हता. तिने पाच बारीक स्क्रू काढले, फितीची दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, एक चालता जुना डेक मिळवला आणि काही न काढता, काही न घालता आवाज उतरवून घेतला. पहिल्या बाजूची शेवटची काही मिनिटं बुरशीने गेली आहेत. दुसरी बाजू तर कधीच गेली. पण जातं परत आलं. "थांब, दाणे संपले" परत आलं. आईने ऐकलं आणि नकळत तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी कॅसेट असेल. आजीच्या पाळण्याची, आत्याच्या स्तवनांची, पर्युषणातल्या रात्रीच्या भक्तीची. आधी मागच्या टिकल्या मोडा. मग माहीतगार माणसाकडे द्या आणि एवढंच सांगा की साफ करू नका. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ऐका, कोण गातंय, कोणत्या गावची, मागे कसला आवाज येतोय, ते वहीत लिहून ठेवा. फाइल दोन जागी ठेवा, एक आपल्या घरी आणि एक दुसऱ्या गावी. आणि कॅसेट टाकू नका.

आमच्याकडे आता श्रुतपंचमीला शास्त्रांची वेष्टनं बदलून झाली की भाची लॅपटॉप उघडते. आजीची फाइल लागते का बघते, नव्या डिस्कवर एक प्रत काढते, आणि मग आम्ही अर्धा तास ऐकतो. निंबोल्याचं जातं आता माळवदाच्या कोपऱ्यात आहे, वरच्या तळीचा खुंटा निघाला आहे. पुढच्या खेपेला तो बसवून घ्यायचा आहे.